क्षमाक्काची उन्हावरची गिरणी

क्षमाचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. उठली की आधी चूल, मग आंघोळ, मग डब्यात रागीची भाकरी आणि चटणी. रागी म्हणजे नाचणी. आमच्या बेंगळुरात तिला नाचणी कोणी म्हणत नाही. फुलांचा टेंपो तिच्या गावावरून तालुक्याला, आनेकलला जायचा. त्यात शेवंतीच्या पोत्यांमध्ये ती जागा करून बसायची. आनेकलहून पहिली बस. एचएसआर लेआउटला उतरायची तेव्हा आभाळ नुकतं पांढरं होत असायचं आणि तिच्या पदराला शेवंतीचा वास असायचा.

काम होतं गच्चीवरच्या सोलरच्या काचा धुण्याचं. हे काम ऊन चढायच्या आत उरकावं लागतं. उशीर झाला की पाणी काचेवरच वाळतं आणि पांढरे डाग राहतात. डाग राहिला तर काम झालं असं म्हणायचं नाही.

मी काचा धुणाऱ्या त्याच टोळीत शिडी आणि दोर सांभाळायचो. आता गुडघे संपले, काम सुटलं. पण हाताखालून पुष्कळ माणसं गेली, त्यामुळे कोण काम करतं आणि कोण हालचाल करतं ते मला कळतं. क्षमा काम करायची. आधी कोरड्या मऊ ब्रशाने धूळ खाली आणायची. मग ओलं फडकं, मग लांब दांड्याची रबरी पट्टी, वरून खाली एका दमात. मध्ये थांबलं की रेघ उमटते. तिची रेघ मी कधी पाहिली नाही. कबुतराची घाण वाळलेली असली तर तिच्यावर ओलं फडकं ठेवून पुढे जायची, परत येऊन उचलायची. खरवडायची नाही. काचेच्या खालच्या कडेला चौकटीत मातीची बारीक पट्टी साचते. खालून ती दिसत नाही, मालकाला कळत नाही. क्षमा त्या पट्टीसाठी पुन्हा वाकायची.

"अक्का, चल की आता. कोण बघतंय?" असं टोळीतलं कोणी म्हणालं की ती म्हणायची, "ऊन बघतंय."

मागे एका उन्हाळ्यात शहरात पाणी नव्हतं. टँकरवाले फोन उचलत नव्हते. तेव्हा सोसायट्यांनी काचा धुणं बंद केलं आणि टोळीतले निम्मे लोक घरी बसले. क्षमाने एका बादलीत अख्खी गच्ची पुसून दाखवली. फडकं पिळून पिळून तिच्या तळव्यांची सालं गेली, पण काम टिकलं.

तिचं गाव आनेकलच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला. नाव मराठीपाळ्य. शहाजीराजांच्या वेळी आलेली आमची माणसं तिथे राहतात. घरात मराठी, दारात कानडी. नवरा बसवंत आनेकलच्या कारखान्यात पाळीवर. घरी सासू. सासूला ती कानडीतलं अत्ते म्हणते, आणि सगळं गावही म्हातारीला अत्तेच म्हणतं.

गावात वीज नाही असं नाही. खांब आहेत, तारा आहेत, घरोघरी दिवा आहे. पण दिवा लागणं वेगळं आणि चाक फिरणं वेगळं. मोटरीला जी जोराची वीज लागते ती पंपांसाठी ठरलेल्या वेळी येते, आणि ती वेळ बहुतेक रात्रीची. रात्री जंगलातून हत्ती उतरतात. रात्री रागी घेऊन दळायला कोण जाणार?

म्हणून गावातली गिरणी डिझेलवर होती. ती खंडोजीअण्णाची. देवळाशेजारी बायकांच्या संघाची एक खोली आहे, तिच्यात त्याचं इंजिन होतं. ते सुरू झालं की देवळातली घंटा ऐकू येत नसे. खोलीच्या भिंती काळ्या, पिठाला वास.

"अण्णा, भाकरीला डिझेल लागतंय," असं बायका म्हणाल्या की खंडोजी म्हणायचा, "वास नाही गं तो, मसाला आहे. त्याचे वेगळे पैसे घेतो का मी?"

मग ते इंजिन एके दिवशी धूर सोडून बसलं ते बसलंच. तेव्हापासून सगळं गाव रागीची पिशवी घेऊन बसने आनेकलला जायचं. क्षमाचा रविवार तिथल्या रांगेत जायचा. आठवडाभर गच्च्या, सुटीला रांग. अत्ते रांगेच्या नावाने चिडायची आणि जातं काढायची. दोन मुठी दळून झाल्या की खांदा धरून बसायची. "ह्या वयात मला जात्याला बांधलं," असं दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. क्षमाला ते लागायचं.

एचएसआरच्या एका गच्चीवर शाल्मली नावाची मुलगी चहा घेऊन वर यायची. पुण्याची, कॉम्प्युटरवाली. सोसायटीच्या सोलरचं ती बघायची. एकदा क्षमा फोनवर अत्तेशी बोलत होती. शाल्मली थबकली.

"अय्या, तुम्ही मराठी? कुठल्या तुम्ही?"

"इथल्याच."

"नाही, म्हणजे मूळच्या?"

"मूळच्या पण इथल्याच. आमची माणसं घोड्यावरून आली, तुम्ही विमानातून आलात. तेवढाच फरक, ताई."

शाल्मली इतकी हसली की तिचा चहा सांडला, नेमका धुतलेल्या काचेवर. क्षमाने तो पुसला. तेव्हापासून दोघींचं जमलं.

शाल्मली म्हणायची, "ॲक्च्युअली आम्ही हे क्लायमेटसाठी लावलं. त्या वर्षी टँकर मिळत नव्हते ना, तेव्हा मी खरंच घाबरले. म्हटलं काहीतरी करायला हवं."

"पाऊस चुकतोय ते आम्हालाही दिसतं. रागी पेरली की पळतो, कापून अंगणात टाकली की येतो."

"हो ना. आता सगळं डिझेल, कोळसा बंद व्हायला पाहिजे."

"आमच्याकडचं डिझेल आपोआप बंद झालं," क्षमा म्हणाली. "आता उपाशी मरतोय." मग थोडं थांबून तिने विचारलं, "ताई, ह्याच्यावर काय काय चालतं?"

"कॉमन लाइट्स, पंप, लिफ्ट."

"लिफ्ट म्हणजे ती, एवढी जाडजूड माणसं वर ओढते ती?"

"हो."

"मग रागी दळेल का?"

शाल्मली हसायला लागली आणि मध्येच थांबली. खिशातून फोन काढला. तिथेच उन्हात उभं राहून शोधाशोध केली. उन्हावर चालणाऱ्या लहान गिरण्या बनवणारा एक माणूस मी राहतो त्या इथल्या शिवाजीनगरातच निघाला. रविकिरण त्याचं नाव. बसस्टँडमागच्या गल्लीत त्याचं वर्कशॉप. मी तिथून रोज जात होतो आणि मला पत्ता नव्हता.

क्षमा पुढच्याच दिवशी काम संपवून माझ्याबरोबर तिथे आली. गिरणी बघितली. दगडावरून हात फिरवला. "चालवा," म्हणाली. रविकिरणने चालवली. तिने पीठ चिमटीत घेऊन हुंगलं आणि माझ्याकडे बघितलं. तिचं मन तिथेच ठरलं.

रविकिरण भला माणूस. म्हणाला, "अक्का, आधी थोडं द्या, बाकीचं महिन्याच्या महिन्याला पगारातून. पण गिरणीला पक्की जागा पाहिजे. जागा नसेल तर मी परत घेऊन येणार. पावसात भिजवायला देणार नाही."

क्षमाने साठवलेलं सगळं दिलं. पक्की जागा गावात एकच होती: संघाची खोली. आणि खंडोजी त्याच खोलीत नवं इंजिन आणायचं म्हणत होता.

संघाची अध्यक्ष सुप्रीताक्का, अंगणवाडीतली. तिने दोघांना देवळासमोर बोलावलं. बायका जमल्या, मीही गेलो होतो. खंडोजी कट्ट्यावर बसून होता.

"ऊन आलं तर पीठ, ढग आले तर उपास," तो म्हणाला. "असली गिरणी म्हणजे नवीन जावई. यायचं तेव्हा यायचं, बसायचं तेव्हा बसायचं."

"ढगात हळू दळेल, अण्णा," क्षमा म्हणाली. "डिझेल संपलं की तुमचं इंजिन हळू दळायचं का?"

"माझं इंजिन आवाज तरी करायचं. गिरणी चालू आहे ते चार गावांना कळायचं."

"चार गावांना खोकला पण व्हायचा," अत्ते मागून म्हणाली. "खंड्या, तुझ्या त्या धुराने माझं पापड वाळवणं सुटलं."

बायका हसल्या. पण निम्म्या बायकांच्या मनात भीती होती, ती मला दिसत होती. जुनं काळं असलं तरी ओळखीचं असतं. शेवटी सुप्रीताक्काने निकाल दिला. "क्षमा, दसऱ्याला दळून दाखव. मूठभर नको, सगळ्यांच्या घरची रागी. ऊन मावळायच्या आत. सरी? झालं तर खोली तुझी. नाही झालं तर खोली अण्णांची, आणि तुझी गिरणी गाडीत."

"सरी," क्षमा म्हणाली. कानडीत कबूल.

दसऱ्याच्या आधल्या आठवड्यात रविकिरण गिरणी घेऊन आला. खोलीवरची कौलं जुनी, वर वजन झेपणार नाही. म्हणून त्याने काचा खोलीबाहेर, दक्षिणेला तोंड करून, कमरेइतक्या उंचीच्या लोखंडी घोड्यांवर ठेवल्या. खंडोजीचं मेलेलं इंजिन दोर लावून बाजूला ओढलं. गिरणी सुरू करून मूठभर रागी दळली. झकास चालली. तो परत गेला.

मग आली खंडेनवमी, आमच्याकडची आयुधपूजा. बाहेरच्या माणसाला ह्या दिवसाचं बेंगळूर सांगून कळत नाही. रिक्षा, बस, लेथ, शिलाईमशीन, हातोडी, कॉम्प्युटर, ज्याचं ज्यावर पोट आहे त्याची त्या दिवशी पूजा. गंध, कुंकू, झेंडूच्या माळा, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट. आणि एकदा बांधलं की कोणी काढत नाही. केळी वाळेपर्यंत रिक्षा तशीच फिरते. कुंकवाचं बोटही आपोआप झिजू द्यायचं. हाताने पुसायचं नाही.

क्षमाने त्या दिवशी सुटी घेतली. सकाळी काचा धुतल्या. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या. मग पूजा केली. प्रत्येक काचेवर विभूतीची तीन बोटं, वर हळद, मध्ये ठसठशीत कुंकू. काचांवरून आडव्या झेंडूच्या माळा. घोड्यांच्या पुढच्या दोन्ही पायांना चांगले पुरुषभर उंचीचे केळीचे खुंट. त्यांची पानं काचेवर अशी झुकलेली, जशी काही चवरी ढाळतायत. अत्तेने कोहळा ओवाळून फोडला. बसवंतने फोटो काढून शाल्मलीला पाठवला. तिने लगेच उत्तर दिलं, "सो ब्यूटिफुल!"

दसऱ्याला सकाळी मी पोचलो. ऊन लख्ख होतं, आभाळात ढगाचा तुकडा नाही. मलाही ती पूजा बघून बरं वाटलं. बायका टोपल्या, पिशव्या, डबे घेऊन ओळीने बसल्या होत्या. खंडोजी कट्ट्यावर, नवी पगडी बांधून.

क्षमाने हात जोडले आणि बटण दाबलं. दगड फिरला. वरच्या पत्र्याच्या तोंडात तिने पहिली रागी ओतली. दगड कण्हला, मंद झाला आणि थांबला.

तिने रागी काढली. रिकामा दगड हळूहळू फिरायला लागला. पुन्हा ओतली. पुन्हा थांबला.

"झोपला," खंडोजी म्हणाला. "काल उशिरापर्यंत पूजा चालली ना, दमला असेल."

क्षमाने पट्टा बघितला. ताठ होता. वायरी बघितल्या. दगड उचलून बघितला. बसवंतने तेल घातलं. मी पण चारही बाजूंनी फिरलो. काही सापडेना. तिने रविकिरणला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर ठेवला.

"अक्का, ऊन आहे ना?"

"डोळे दिपतील एवढं."

"काचांवर धूळबिळ? काचा साफ आहेत ना?"

क्षमाचा चेहरा तापला. "रविकिरण, मी कोण आहे? मी काय करते? मला विचारतोस काचा साफ आहेत का? काल माझ्या हाताने धुतल्या."

"नाही नाही, अक्का, तसं नाही. मग मोटर असेल. मी उद्या येतो."

"उद्या दसरा नाही," क्षमा म्हणाली आणि फोन ठेवला.

ऊन डोक्यावर आलं. सगळ्यांना वाटलं आता तरी ओढेल. दगड थोडा जास्त फिरला, रागी पडली की पुन्हा बसला. मागच्या रांगेतली एक बाई उठली, तिने टोपली डोक्यावर घेतली. तिच्यामागे दुसरी. सुप्रीताक्काने एकदा खोलीकडे आणि एकदा खंडोजीकडे बघितलं. क्षमा दगडाशेजारी जमिनीवर बसली. एक हात मशीनवर होता. मी तिला गच्चीच्या कठड्यावर, वाऱ्यात, पावसात काम करताना पाहिलं होतं. अशी बसलेली पाहिली नव्हती.

खोलीत रिकामा दगड घर्र घर्र करत होता. आणि अचानक त्या आवाजाचा सूर वर गेला.

क्षमाची मान वर झाली. "गप्प," ती म्हणाली. कोणी बोलतच नव्हतं. दगड आणखी जोरात फिरला. जोर तिच्या तळहाताला कळला. ती उठली आणि बाहेर धावली. आम्ही मागोमाग.

बाहेर खंडोजीची शेळी होती. पुढचे दोन्ही पाय लोखंडी घोड्यावर ठेवून ती केळीची पानं खात होती. डावीकडचा खुंट जवळजवळ साफ झाला होता. पान तोंडात ओढलं की काचेवरची सावली सरकायची, आणि आतून दगडाचा आवाज वाढायचा.

क्षमा काचेकडे बघत राहिली. केळीची सावली. झेंडूच्या माळांची सावली. विभूतीचे जाड पट्टे, हळद, कुंकू. ह्या काचा एकमेकींना माळेसारख्या जोडलेल्या असतात. एकीवर सावली पडली की सगळ्यांचा जोर उतरतो. हे तिला माहीत होतं. कबुतराच्या एका ठिपक्यासाठी ती शिडी पुन्हा चढायची. पण तो ठिपका घाण होती. ही पूजा होती. पूजेकडे तिने त्या डोळ्यांनी बघितलंच नव्हतं, आणि आमच्यापैकी कोणीच बघितलं नव्हतं.

तिने कपाळावर हात मारला आणि हसायला लागली. हसता हसता खाली बसली. "अय्यो, देवा! साफ आहेत का विचारत होता बिचारा, आणि मी त्याला झाडलं!"

मग बायकांना कळलं. ज्या टोपल्या घेऊन निघाल्या होत्या त्याही परत आल्या. फक्त खंडोजी ओरडत होता, "ए, हाड! हाड! उतर खाली!"

"राहू दे तिला," अत्ते म्हणाली. "तुझ्या घरात अक्कल असलेली ती एकटीच."

खुंट सोडले, शेळीला दिले. माळा उतरवून देवळात नेल्या. राहिलं काचेवरचं गंधकुंकू. क्षमाने फडकं हातात घेतलं आणि हात अडला.

"दसऱ्याच्या दिवशी कुंकू पुसायचं?" एक म्हातारी हळूच म्हणाली. "सवाष्णीने?"

क्षमाने फडकं खाली केलं. एवढ्या सगळ्या बायकांसमोर ते तिच्याच्याने होईना. खंडोजी पगडी सावरत पुन्हा कट्ट्यावर बसला. ऊन सरकत होतं.

अत्ते काठी टेकत पुढे आली. काचांकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. "पुसायला कोणी सांगितलं? घरच्या देवांना आपण रोज काय करतो? कालचं गंध असतंच ना अंगावर? न्हाऊ घालतो. हिला पण न्हाऊ घाल."

बायकांत एकदम गलका झाला. एकीने तांब्या उचलला, दुसरी विहिरीकडे वळली. क्षमा ओरडली, "थांबा! गार पाणी नको! काच तापलीय, तडकेल!"

"मग गरम आण की," अत्ते म्हणाली. "सणाचं न्हाणं गार पाण्याने करतात होय?"

सणाचा दिवस. घरोघरी चुलीवर पाणी होतंच. बायका धावल्या. हंडे आले, घागरी आल्या, एकीने तर पोराच्या आंघोळीसाठी काढलेली बादलीच आणली आणि पोरगं उघडंच मागे पळत आलं. क्षमाने प्रत्येक भांड्यात हात घालून बघितला. "हे फार कढत. त्यात स्वल्प गार घाल. हे बरं. ये." अत्तेने पहिला तांब्या ओतला. बाकीच्यांनी एकेक ओतला. कोणीतरी आरती सुरू केली, सूर कोणाचा कोणाला मिळत नव्हता. आणि क्षमाने पदर खोचला, रबरी पट्टी घेतली आणि वरून खाली, एका दमात, काच ओढली. हळदकुंकवाचं पाणी खाली अत्तेने धरलेल्या परातीत पडलं. ते नंतर तुळशीला गेलं.

शेवटची काच कोरडी झाली तसा आत दगड गरजला.

आता रागी पडली की दगड तिला गिळत होता. पीठ पडायला लागलं. गरम, काळपट, बिनवासाचं. पहिली टोपली, दुसरी, मग ओळ सुरू झाली. क्षमा ओतत होती, बसवंत पिशव्या भरत होता, मी टोपल्या सरकवत होतो. पण अर्धा दिवस हातचा गेला होता. ऊन कलायला लागलं तरी ओळ बरीच शिल्लक होती. शिवाय घाईत पीठ जाडं पडत होतं. एका बाईने चिमटीत घेऊन नाक मुरडलं आणि टोपली पुन्हा दळायला म्हणून मागे ठेवली. तशा दोनतीन झाल्या. ओळ संपायची तर सोडाच, वाढायला लागली.

कट्ट्यावर खंडोजी चुळबुळत होता. त्याने पगडी काढली, घातली. दगडाचा आवाज ऐकून त्याचं तोंड वाकडं होत होतं, जसं कोणी बेसूर गायल्यावर गवयाचं होतं. शेवटी त्याला राहवलं नाही. तो उठून आत आला.

"सरक. सरक म्हणतो ना! कान आहेत का काय? वरचा दगड उड्या मारतोय." त्याने दगडांमधलं अंतर ठरवणारी चावी धरली, डोळे मिटले, थोडी आवळली, थोडी सोडली, परत नखभर आवळली. आवाज एकसारखा झाला. पिठाची धार बारीक झाली. त्याने पीठ बोटांवर घासलं. "हं. हे पीठ. मघाचं ते काय होतं? कोंबड्यांना घाला."

"अण्णा," सुप्रीताक्का हसू दाबत म्हणाली, "तुम्ही कोणाच्या बाजूला?"

"पिठाच्या," खंडोजी म्हणाला. "ओता. बघताय काय?"

मग ओतायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं. खरं सांगायचं तर त्याच्या हाताला तोड नव्हती. किती ओतलं की दगड दमत नाही, ते त्याला न बघता कळत होतं. ढीग वितळायला लागला. जंगलामागे ऊन उतरलं तेव्हा शेवटच्या टोपलीतली शेवटची मूठ पडली. दगड आपणहून मंदावत होता.

अत्ते म्हणाली, "खंड्या, तुझ्या शेळीने सुरू केलं, तू संपवलंस. खोली तुम्ही दोघांनीच घालवलीत."

खंडोजीने पिठाने माखलेल्या हातांकडे बघितलं. आणि मग तो हसला. गावाने त्याला असं हसताना इंजिन बिघडल्यापासून पाहिलं नव्हतं. "माझी शेळी आहे," तो म्हणाला. "चार पानं जास्त खाल्ली, दुसरं काय."

सुप्रीताक्काने खोलीची किल्ली क्षमाच्या हातात दिली. लोकांनी बन्नीची म्हणजे शमीची पानं वाटली, सोनं म्हणून. क्षमाने पहिलं पान अत्तेला दिलं, पाया पडली. दुसरं खंडोजीला.

"अण्णा, मी सकाळी शहरात असणार. ऊन माझी वाट बघत थांबणार नाही. गिरणीत कोणीतरी पाहिजे."

"मला नोकर ठेवतेस?"

"तुम्हाला नोकर कोण ठेवणार? मालक बनून बसाल. बसा. पण दळणावळीत वाटा ठरवून."

"आणि शेळी?"

"तिला केळी."

त्या संध्याकाळी गावातल्या प्रत्येक घरात ताज्या पिठाचा रागीमुद्दा झाला. मी अत्तेच्या घरी जेवलो. उकडलेला गरम गोळा, वर सार. अत्तेने पहिला घास तोंडात टाकला आणि सावकाश गिळला. मग म्हणाली, "वास नाही," आणि दुसरा घास मोडला. शाल्मलीला शेळीची गोष्ट फोनवर सांगितली तर ती म्हणाली, "शेळीचा फोटो पाठवा ना!" तो फोटो तिच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये लावलेला मी स्वतः पाहिला आहे. खाली कोणीतरी लिहिलंय, आमची सर्व्हिस इंजिनिअर.

क्षमाचं शहरातलं काम चालूच राहिलं. पावसाळ्यात कधी सलग ढग आले. गिरणी हळू चालली, एकदोनदा थांबलीही. तेव्हा खंडोजी दारात उभा राहून येणाऱ्याला सांगायचा, "उद्या या. ऊन आजारी आहे." लोक कुरकुरले आणि दुसऱ्या दिवशी आले. आनेकलच्या रांगेत आता त्या गावचं कोणी नसतं. पगार झाला की क्षमा शिवाजीनगरात उतरायची, रविकिरणच्या वर्कशॉपमध्ये हप्ता द्यायची, आणि माझ्याकडे चहा घेऊन परत जायची. एकही महिना तिने चुकवला नाही. ताप असताना आली, संपाच्या दिवशी चालत आली.

गेल्या उगादीला, म्हणजे पाडव्याला, शेवटचा हप्ता दिला. दिवसामागून दिवस दुसऱ्यांच्या गच्च्यांवर वाकून मिळवलेल्या त्या मजुरीने तिने काय घेतलं ते लिहून ठेवतो: दोन दगड, एक मोटर, एक पट्टा, बाहेर उन्हात उभ्या असलेल्या सगळ्या काचा, आणि एका म्हाताऱ्या बाईचा जात्यावरून सुटलेला खांदा.